खेळायला चाललास, तर तसंच लिही

नाशिक

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. जर्मनीतल्या ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या, स्पर्धेचं क्वालिफायर (पात्रता फेरी) जिंकल्याचं दोन ओळींत आणि व्हिसाचा घोळ बारा ओळींत. एजंट म्हणतो, ‘टुरिस्ट टाका, गेमिंगचं नाव काढलं की प्रश्न वाढतात.’ टीमचा मॅनेजर म्हणतो, ‘निमंत्रणपत्र आलं की बघू.’ बाबा म्हणतात, कोणातरी एकाचं ऐक. बाबांचं म्हणणं मला पटतं, म्हणून हे पत्र लांबलचक लिहितोय. सावकाश वाच.

खेळायला चाललास, तर खेळायला चाललो असंच लिही. बाकी सगळं या एका वाक्यातून निघतं.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, फॉर्म उघड. प्रवासाचं कारण विचारलेल्या रकान्यात पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट, शिक्षण असे चौकोन आहेत, आणि त्यातच ‘स्पोर्ट्स’ असाही एक आहे. तुझ्या एजंटने तो पाहिलेलाच नसेल, कारण त्याची गिऱ्हाइकं हनिमूनला जाणारी. जर्मनीच्या त्या वेळच्या कागदपत्रांच्या यादीत तुझ्या प्रकारासाठी दुसरा चौकोन सांगितला असेल तर तो भर. पण खाली जिथे जास्तीची माहिती लिहायला जागा आहे, तिथे स्पर्धेचं नाव, तारखा आणि ‘खेळाडू म्हणून सहभाग’ हे शब्द आलेच पाहिजेत. सोबतच्या पत्रातही पहिल्या वाक्यात तेच.

ई-स्पोर्ट्सला सगळीकडे खेळ मानत नाहीत, हे एजंटचं म्हणणं खोटं नाही. 2021 ची द इंटरनॅशनल ही डोटा 2 या गेमची सगळ्यात मोठी स्पर्धा स्टॉकहोमला ठरली होती. स्वीडनच्या क्रीडा महासंघाने ई-स्पोर्ट्सला सदस्य म्हणून घ्यायला नकार दिला, त्यामुळे खेळाडूंच्या व्हिसाचा प्रश्न उभा राहिला आणि चार कोटी डॉलर बक्षिसाची ती स्पर्धा शेवटी बुखारेस्टला हलवावी लागली. म्हणजे अडचण खरी आहे. पण आयोजकांनी स्पर्धाच हलवली, खेळाडूंना पर्यटक म्हणून या असं सांगितलं नाही. यातलं काय घ्यायचं ते घे.

आपल्याकडे तर हा प्रश्न आता सुटलेला आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने बहुक्रीडा स्पर्धांमधले ई-स्पोर्ट्स युवक कल्याण आणि क्रीडा मंत्रालयाकडे दिले. 2025 च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स वेगळे काढले. 2022 च्या त्या अधिसूचनेची एक प्रत फाइलमध्ये लाव. कोणी वाचेल न वाचेल, पण तुझी बाजू कागदावर राहते.

आता टुरिस्ट टाकलं तर काय होतं ते सांगतो, म्हणजे पुन्हा हा विषय निघणार नाही. फ्रँकफर्टला इमिग्रेशनचा अधिकारी विचारतो, कशासाठी आलात? तुझ्या बॅगेत माऊस, कीबोर्ड, हेडसेट आणि नाव छापलेली जर्सी. टीमच्या इन्स्टावर तुझा फोटो, स्पर्धेची तारीख, शहर, सगळं जाहीर. व्हिसा हातात असला तरी आत सोडायचं की नाही हे तो माणूस ठरवतो. व्हिसा तिथेच रद्द होऊ शकतो, आणि त्याची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक यंत्रणेत पाच वर्षं राहते. अमेरिकेच्या बाबतीत तर खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवल्याचं ठरलं, की कायमची बंदी लागू शकते. तू एकोणीस वर्षांचा आहेस. एका स्पर्धेसाठी एवढं पणाला लावायचं नसतं.

वेळेचा हिशोब कर. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण चौकशी लागली तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाऊ शकतो. तुमचं क्वालिफायर आणि लॅन, म्हणजे तिथे हॉलमध्ये बसून खेळायची स्पर्धा, यांत सात आठवडे आहेत. त्यातले दोन आठवडे निमंत्रणपत्राची वाट बघण्यात गेले, तर उरले पाच, म्हणजे पस्तीस दिवस. पंचेचाळीस त्यात बसत नाहीत. शिवाय मे-जूनमध्ये मुंबईच्या व्हिसा केंद्रात युरोपला फिरायला जाणाऱ्यांची झुंबड असते, अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. म्हणून मॅनेजरचं ‘आलं की बघू’ चालणार नाही. अपॉइंटमेंट आजच घे. पासपोर्ट, फोटो, बँकेचं स्टेटमेंट, कॉलेजचं बोनाफाईड, विमा, यातल्या एकाही कागदाला निमंत्रणपत्र लागत नाही. हे सगळं क्वालिफायरच्या आधीच तयार हवं होतं. मुलांना एम, म्हणजे नेम, आणि गेममधल्या मॅपची पाठांतरं करून घेण्यात माझा वेळ गेला, कागदांचं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ती खंत माझी, तुझी नाही.

आता निमंत्रणपत्र. सगळा खेळ या एका पानावर आहे. आयोजकाकडून बहुतेक वेळा दोन ओळींचा अभिनंदनाचा ईमेल येतो आणि मुलं त्यालाच निमंत्रण समजतात. ते चालत नाही. लेटरहेड हवं, त्यावर कंपनीचं नोंदणीकृत नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक. तुझं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. भूमिका: खेळाडू. गेममधलं नाव असेल तर खऱ्या नावाच्या नंतर, कारण स्पर्धेच्या संकेतस्थळावर तू त्याच नावाने दिसतोस आणि अधिकारी शोधून बघतो. हॉलचा पूर्ण पत्ता. स्पर्धेच्या तारखा वेगळ्या आणि सरावाच्या तारखा वेगळ्या. हे विसरू नकोस: स्पर्धा तीन दिवसांची आणि तुझं तिकीट चौदा दिवसांचं असेल, तर मधले अकरा दिवस तू काय करणार हे पत्रात लिहिलेलं हवं. विमान, हॉटेल, जेवण, तिथला प्रवास, यातला कोणता खर्च कोण करणार तेही एकेक करून. बक्षीस मिळालं तर कोणत्या मार्गाने मिळेल. आणि तिथली कोणतीही संस्था पगार किंवा मानधन देणार नाही, हे स्पष्ट वाक्य. बक्षीस चालतं, पगार म्हटला की कामाचा व्हिसा लागतो. खाली सही, हुद्दा, आणि दिवसा उचलला जाईल असा फोन नंबर. असं पत्र आयोजक आपणहून देत नाही. मसुदा आपण करायचा, त्यांना पाठवायचा, त्यांनी फक्त सही करायची. यात कमीपणा काही नाही.

नावाचं तर पुन्हा सांगतो. आपली मराठी नावं तीन तुकड्यांची: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव तुझ्या नावाशेजारी, आडनाव वेगळ्या रकान्यात. आयोजक वडिलांचं नाव गाळतो. विमा कंपनी आडनाव आधी घालते. बँकेत तुझ्या नावात ‘ए’ एक आहे आणि आधारवर दोन. प्रत्येक फरक एकटा असला तर बारीक. चार कागदांवर चार नावं असली, तर फाइल एका माणसाची वाटत नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेलं ते पुस्तक समोर ठेव आणि प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून बघ. देशभरातले पासपोर्ट आपल्या गावात छापले जातात, आणि आपल्याच मुलांच्या फाइली स्पेलिंगवर अडतात, याचा मला राग येतो.

बाबांच्या पैशांबद्दल तू लाजत लाजत विचारलंस. लाजायचं कारण नाही, पण नीट मांडायचं कारण आहे. तुमचं उत्पन्न द्राक्षांचं आणि कांद्याचं. वर्षभर खातं शांत, आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम जमा. मुंबईत बसलेल्या परदेशी अधिकाऱ्याला ते व्हिसासाठी उसने आणून भरलेले पैसे वाटतात. नकाराचं हे अगदी नेहमीचं कारण. म्हणून स्टेटमेंट तीन महिन्यांचं मागितलं असलं तरी तू वर्षाचं दे, म्हणजे मागच्या हंगामातही अशीच रक्कम आल्याचं दिसेल. प्रत्येक मोठ्या रकमेच्या शेजारी पेन्सिलने आकडा घाल, एक, दोन, तीन, आणि त्याच क्रमाने बाजार समितीची हिशोबपट्टी, द्राक्ष व्यापाऱ्याची पावती जोड. सातबारा आणि हिशोबपट्टी मराठीत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून मूळ प्रतीच्या मागे लाव. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी बाबांनी रिटर्न भरलं असेल तर ते हवंच, नसेल भरलं तर यंदापासून भरा. तू स्वतः जिंकलेली बक्षिसं तुझ्या खात्यात दिसतात ना? त्यावर कापलेल्या टीडीएसची नोंद काढ. त्या नोंदीवरून तू खरंच खेळाडू आहेस हेही सिद्ध होतं आणि पैसा तुझा आहे हेही. मित्राच्या यूपीआयवर बक्षीस घ्यायची सवय आजपासून बंद.

आणि शेवटच्या आठवड्यात मामाकडून दोन लाख आणून खात्यात टाकायचे नाहीत. हेही खोटंच आहे, फक्त बँकेच्या भाषेतलं.

परत येणार हे कशावरून? तुझं बोनाफाईड, परीक्षेचं वेळापत्रक, पुढच्या देशी स्पर्धेतलं टीमचं नाव. टीमशी करार असेल तर त्याची प्रत. विमा किमान 30,000 युरोचा, प्रवासाचे सगळे दिवस धरून. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे किमान तीन महिने वैध, त्यात दोन पानं कोरी. फी 90 युरो, केंद्राचं शुल्क वेगळं. तिकीट फक्त आरक्षित ठेव, व्हिसा मिळेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नकोस.

मुंबईला जायच्या दिवशी सकाळची अपॉइंटमेंट असेल तर पंचवटीवर भरवसा नको, ती दादरला पोहोचेपर्यंत दहा वाजून जातात. पावसात कसारा घाटात काय होतं ते तुला माहीत आहे. आदल्या रात्री जा, ठाण्याला आत्याकडे राहा. बोटांचे ठसे द्यायचे आहेत, आणि तुझ्या अंगठ्याला सरावाने घट्टे पडलेत. आठवडाभर आधीपासून खोबरेल लाव. हसू नकोस, यंत्राने ठसा नाही घेतला की तास जातो.

अमेरिकेचं तू पुढचं म्हणून विचारलंस, तर थोडक्यात. फक्त बक्षिसासाठी एखादी स्पर्धा खेळायला बी-1, म्हणजे कामानिमित्तच्या छोट्या भेटीचा व्हिसा, मिळू शकतो. तिथल्या टीमसाठी पगारावर खेळायचं तर पी-1ए, म्हणजे खेळाडूंचा व्हिसा, आणि त्याचा अर्ज तिथल्या संस्थेने आधी करायचा असतो. 2013 मध्ये लीग ऑफ लेजंड्सचा कॅनेडियन खेळाडू डॅनी ले याला तो मिळाला, तेव्हापासून ही वाट उघडली. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-160 फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात. तुझं यूट्यूब चॅनल लिही. लपवलंस तर ते शोधायला त्यांना दोन मिनिटं लागतात. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. समोरच्याला गेम माहीत नसतो, म्हणून मेटा, स्क्रिम, रोस्टर हे शब्द तिथे काढू नकोस. ‘मी संगणकावरच्या स्पर्धेत भारतातून निवडला गेलो आहे, या तारखांना या शहरात खेळून परत येणार आहे’ एवढं बोलायला शिक. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत बोलायची सोय मागून घे.

एक गोष्ट तुम्ही पाचही जण विसरता. पासपोर्ट एकच असतो. तो जर्मनीच्या अर्जात अडकला असताना दुसऱ्या देशाच्या स्पर्धेसाठी अर्ज करता येत नाही. पुढच्या दोन महिन्यांचं वेळापत्रक मॅनेजरला समोर ठेवायला सांग आणि कोणती स्पर्धा सोडायची ते आत्ताच ठरवा. राखीव खेळाडू आणि कोचचाही अर्ज तुमच्याबरोबरच जाऊ दे. एकाचा व्हिसा अडला तर राखीव मुलगा व्हिसाशिवाय असून उपयोग काय? पाचांची पत्रं एकाच मसुद्याची हवीत, तारखा, हॉटेल, खर्च सगळं सारखं. एकाने सात दिवस लिहिले आणि दुसऱ्याने दहा, तर पाचही फाइली संशयात येतात.

मला माहीत आहे, टीममधली मुलं म्हणतात की सर फार ताणतात, एजंटकडून काम चार दिवसांत होतं. होत असेल. खरं लिहूनही नकार येऊ शकतो, हेही मी तुझ्यापासून लपवत नाही. पण तो नकार कागदाचा असतो, कारण वाचता येतं, चूक दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. खोटं पकडलं गेलं तर दुरुस्त करायला काही उरतच नाही. मी या बाबतीत हट्टी आहे आणि तसाच राहणार. या शहरातल्या मुलांना हात चालवायला कोणी शिकवावं लागत नाही, कागद सांभाळायला शिकवावं लागतं, आणि ते काम गोड बोलून होत नाही.

गुरुवारी संध्याकाळी घरी ये. पासपोर्ट, बाबांचं वर्षाचं स्टेटमेंट आणि हिशोबपट्ट्या, जेवढ्या सापडतील तेवढ्या. आयोजकाला पाठवायचा मसुदा आपण बसून करू आणि रात्रीच ईमेल टाकू, म्हणजे सकाळी तो त्यांच्यासमोर असेल. एजंटला दिलेली कागदपत्रं त्याआधी परत घेऊन ये, आणि त्याने तुझ्या नावाने काही फॉर्म भरून ठेवलाय का, ते विचारून ये.

तुझा,
सर