क्षमा मिळाली, तरी मन खात असेल तर

जय ख्रिस्त, भाऊ. पाप कबूल करून तीन महिने झाले, तरी रात्री तेच आठवतं, असं लिहिलंस. मीही त्यातून गेलोय. वर्षभर प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, मागच्या बाकावरून उठलोच नाही.

सध्या एवढंच धर:

१. योहानाचं पहिलं पत्र १:९ उघड. तिथे क्षमेचा आधार देवाचं विश्वासूपण आहे, तुझी भावना नाही.

२. टोचणी नेमकी की मोघम, ते बघ. पवित्र आत्मा नेमकं बोट ठेवतो: अमक्याचे पैसे परत कर, तमक्याची माफी माग. ते आजच कर. 'तू वायाच गेलास' हा आवाज त्याचा नव्हे. येशूचे दोन शिष्य बघ: पेत्राने त्याला तीनदा नाकारलं, यहूदाने धरून दिलं. पस्तावा दोघांनाही झाला. पेत्र येशूकडे परतला, यहूदा एकटा पडला.

नव्या विश्वासणाऱ्याच्या चुका ठरलेल्या: तेच पाप रोज कबूल करणं, शिक्षा म्हणून उपास, मंडळीपासून, म्हणजे चर्चच्या लोकांपासून, तोंड लपवणं. शेवटची सगळ्यात वाईट. आपल्या नाशिकच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं राहत. सुटका त्यांनी कमावलेली नव्हती, तशीच आपली क्षमाही. तिथून जाताना मला ते हमखास आठवतं.

अक्षम्य पापाबद्दल आत्ता वाचत बसू नकोस, पुढे बोलू. झोप-जेवण तुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवाच. टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर लगेच फोन कर.

रविवारी भक्तीला ये. माझ्या शेजारी बस.