ते तांदूळ पुन्हा धुवा

पत्र: "आमचं एकत्र घर शहापुरात. श्रावणात मामंजी गेले. गणपतीला मूर्ती आणली, दीड दिवसात विसर्जन केलं, तोवर ठीक होतं. आता दसरा-दिवाळी तोंडावर आली आणि घरात रोज वाद. यजमान म्हणतात, वर्षभर कढई चढवायची नाही. पुण्याचे दीर म्हणतात, दिवाळीचे चार दिवस सगळेच गोव्याला जाऊ, आईला तेवढाच बदल. धाकट्या जावेला मुलगी झालीय, बारसं रखडलंय. खानापूरच्या नणंदेच्या लेकीचा पहिला दिवाळसण आहे, तिथं जायचं की नाही यावरून चुलत सासूबाईंनी बोल लावले. मी काहीही केलं तरी वाईट मीच. सासूबाईंना मात्र मी कसलाच त्रास होऊ देत नाही. परवा त्यांनी भाजणीचे तांदूळ धुऊन माडीवर पसरले होते, तेही मी लगेच उचलून डब्यात भरले. त्या काही बोलल्या नाहीत. आता मी कुणाचं ऐकू?" (एक सून, शहापूर, बेळगाव)

ताई, तुमच्या पत्रात यजमानांचं मत आहे, दिरांचं आहे, चुलत सासूबाईंचं आहे. सासूबाईंनीही आपलं मत सांगितलंय. ते तुम्ही डब्यात भरून वर झाकण लावलंत.

त्यांनी तांदूळ धुतले. भाजणीचे तांदूळ उगीच कुणी धूत नाही. आधी धुवायचे, निथळायचे, सावलीत वाळवायचे, मग भाजायचे, गार करायचे, गिरणीत न्यायचे. धुण्यापासून दळून येईपर्यंत तीन-चार दिवस जातात. म्हणजे त्यांनी मनात दिवस मोजले, कुणाकुणाच्या घरी डबा जायचा ते मोजलं, आणि कुणाला न विचारता माडीचा जिना चढल्या. नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईने दिवाळीबद्दल यापेक्षा स्पष्ट काय बोलायचं?

"कसलाच त्रास होऊ देत नाही" हे तुमचं वाक्य मला मुळीच पटलं नाही. मामंजींचा चहा, त्यांची औषधं, अंघोळीचं पाणी ही सासूबाईंची कामं एका दिवसात संपली. उरलं होतं स्वयंपाकघर. तेही तुम्ही "तुम्ही बसा, आत्या" म्हणत काढून घेतलंत. चांगल्या मनानं घेतलंत, तरी घेतलंतच. दिवसभर नुसतं बसून त्यांनी करायचं काय?

आता उठा आणि आधी तो डबा उघडा. अर्धवट वाळलेले तांदूळ झाकण लावून ठेवलेत, त्यात पावसाळा सरतानाची ही दमट हवा. आंबूस किंवा कुबट वास आला, दाणे एकमेकांना चिकटले असले तर ते भाजणीला घेऊ नका, टाकून द्या. भाजून तो वास जात नाही, चकलीत उतरतो. डबा घासून उन्हात ठेवा. मग सासूबाईंजवळ जाऊन सांगा, "आत्या, माझं चुकलं. तांदूळ खराब झाले. दुसरे किती घेऊ?" एवढंच बोला आणि त्या सांगतील तेवढे मोजून आणा. जुनेच आणा. नव्या तांदळाला चिकटपणा असतो, भाजणीला तो चालत नाही.

कढईचं म्हणाल तर यजमानांशी त्यावरून भांडू नका. त्यांचे वडील गेलेत. दुखवट्याच्या घरात पहिल्या सणाला तळण करत नाहीत, सोयरे-भाऊबंद फराळाचे डबे घेऊन येतात, हा आपल्याकडचा रिवाज आहे आणि त्यात माया आहे. डबे येतील ते घ्या. पण भाजणी म्हणजे तळण नव्हे. धान्य भाजायला जाड बुडाचं पातेलं घ्या, म्हणजे कढईला हातही लागणार नाही. तळण खानापुरात होईल. लग्न होऊन गेलेल्या लेकीला आईवडिलांचं सुतक तीन दिवसांचं, तिच्या घरात दुखवटा नाही. शिवाय वडील तिचेही गेलेत. जावयाच्या पहिल्या दिवाळीला तिला आई शेजारी हवी असणार. शहापुरातून खानापूर जेमतेम तासाभराचा रस्ता. भाजणीचा डबा आणि सासूबाई, दोघींना वसुबारसेच्या आधी तिथं पोहोचवा.

प्रमाण तुमच्या घरचं त्यांच्या हातात आहे, तेच खरं. साधारण १ किलो तांदळाला अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, त्याच्या निम्मी मूग डाळ, १०० ग्रॅम पोहे, ५० ग्रॅम धने, २५ ग्रॅम जिरे घेतात. त्याची दोन किलोच्या आसपास भाजणी होते, दोन घरांना पुरते. त्यांचा आकडा यापेक्षा वेगळा निघाला तर वाद घालू नका, वहीत लिहून घ्या. बहुतेक घरांत हे प्रमाण कुणीच लिहिलेलं नसतं.

डाळी ओल्या फडक्यानं पुसून घेतल्या तरी चालतात. तांदूळ मात्र दाताखाली कटकन तुटेपर्यंत वाळायला हवेत. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजायचा. एकत्र टाकलं की पोहे करपतात आणि हरभरा डाळ आतून कच्ची राहते. तांदूळ पांढरेशुभ्र होऊन फुलले, डाळीला खमंग वास सुटून जेमतेम गुलाबी रंग आला की उतरवायचं. कमी भाजलं तर पीठ चिकट होतं, जास्त भाजलं तर त्याला मिळून येणं राहत नाही आणि चकलीचे तुकडे पडतात. ही वेळ सासूबाई वासावर ओळखतील. तुम्ही फक्त उलथनं हलवा, एवढं धान्य हलवताना खांदे भरून येतात. ते काम तुमचं, "आता उतरव" म्हणायचं काम त्यांचं.

पूर्ण गार झाल्याशिवाय गिरणीत नेऊ नका, गरम धान्याला डब्यात वाफ धरते. डबा यजमानांकडे द्या. तांदळावर किंवा डाळीवर दळून घ्यायला सांगा. ज्वारीवर, गव्हावर दळलं तर आधीचं पीठ मिसळतं आणि चकलीचा खुसखुशीतपणा जातो. दळून आलेलं पीठ गरम असतं, ते परातीत पसरून निवल्यावरच डब्यात भरा.

खानापुरात काय होईल तेही सांगते, कारण नणंद घाबरलेली असणार. ४ वाट्या भाजणीला साडेतीन ते चार वाट्या पाणी. त्यात ४ मोठे चमचे तेल, मीठ, हिंग, ओवा, तीळ आणि ब्याडगीचं तिखट घालून उकळी आणायची, गॅस बंद करून भाजणी घालायची आणि अर्धा तास झाकून ठेवायची. मळताना कोमट पाण्याचा हात. पहिली चकली तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळा. सोऱ्यातून पडतानाच तुटली तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. बाहेरून लाल झाली आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडली, तर आच मोठी होती, आतली ओल राहून गेली. तेल आधी नीट तापवायचं, चकली सोडली की मध्यम आच, आणि बुडबुडे थांबत आल्याशिवाय काढायची नाही. नणंद हे सगळं विसरेल. तिच्या आईला सांगावं लागणार नाही.

तिथं कुणीतरी म्हणेल, जावयाला ओवाळताना विधवेनं पुढं येऊ नये. तेव्हा तबक उचलून तुम्हीच सासूबाईंच्या हातात द्या, आणि चुलत सासूबाईंच्या देखत द्या. इथून चिकोडीच्या पलीकडं शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. तिथल्या ग्रामसभेनं २०२२ च्या मे महिन्यात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. एक अख्खं गाव ठराव करू शकतं, तर तुम्हाला एक तबक पुढं करायला काय हरकत आहे?

गोवा नको. बदल हवा असेल तर दिरांनी चार दिवस आधी घरी यावं आणि पातेल्यापाशी बसावं. बारसं दिवाळी झाल्यावर साधंच करा, आणि पहिला झोका आजीला देऊ द्या. यावर आणखी कुणाचं मत घ्यायला जाऊ नका.

उद्या सकाळीच तांदूळ धुवा. चाळणीत तासभर निथळू द्या, मग माडीवर स्वच्छ धोतरावर पातळ पसरा, खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. मामंजींचं धोतर अजून कपाटात असेल तर कुठलं घ्यायचं ते सासूबाईंना विचारा. संध्याकाळी मात्र माडीवर तुम्ही जाऊ नका. वाळले की नाही, ते त्या बघतील.