वाचक विचारतात : मी नेमकी कुठली?

९ ऑगस्ट, म्हणजे जागतिक आदिवासी दिन, जवळ आला की आपण आदिवासी म्हणजे नेमके कोण या विषयावरची पत्रं वाढतात. या वेळी तीन घेतलीत, नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई नमस्कार. मी वारली, वय २४, पिंपरीत आयटी कंपनीत जॉब करते. आमचा मूळ पाडा जव्हार तालुक्यात. आजी-आजोबा भिवंडीच्या वीटभट्टीवर जायचे, बाबा कल्याणला राहून शिकले, नोकरी लागली आणि आम्ही तिकडचेच झालो. हॉस्टेलला मुली म्हणायच्या, अगं तू आदिवासी वाटतच नाहीस. आणि पाड्यावर लग्नाला गेले की चुलतबहिणी म्हणतात, आली बघ शहरवाली. वारली बोली मला समजते पण बोलता येत नाही. गेल्या वर्षी ९ ऑगस्टला डीपीला वारली चित्र ठेवलं आणि दिवसभर आपण काहीतरी खोटं करतोय असं वाटत राहिलं. मी नेमकी कुठली?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग थोडा वेळ नुसतीच बसून राहिले, कारण यातलं निम्मं पत्र वीस वर्षांपूर्वी मी स्वतः कुणालातरी लिहिलं असतं, पण लिहायचं कुणाला हेच कळत नव्हतं. आमचा पाडा मोखाड्याच्या बाजूला, मी वाढले नाशिकला.

आधी ते 'वाटत नाहीस' बघू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ५ लाखांहून जास्त आदिवासी आहेत, राज्याच्या ९ टक्क्यांच्या वर. त्यात शेतकरी आहेत, शिक्षक, नर्स, पोलीस, ड्रायव्हर, तुझ्यासारख्या आयटीवाल्या, सगळे आहेत. तुझ्या मैत्रिणींच्या डोक्यात शाळेच्या पुस्तकातलं एक चित्र आहे आणि तू त्या चित्रासारखी नाहीस, एवढंच. ते चित्र त्यांनी बदलायचं, तू नाही.

आता पाडा सुटण्याचं. आपल्याकडे दिवाळी झाली की भट्टीची गाडी यायची. उचल आधीच घेऊन खर्च झालेली असायची, मग शिमग्याला चार दिवस घरी, परत भट्टी, आणि पाऊस पडायच्या आत माघारी. माझी आजी निघायच्या आदल्या दिवशी नागलीचं बियाणं मडक्यात भरायची, तोंडावर पळसाची पानं ठेवून शेणामातीनं लिंपायची आणि मडकं माळ्यावर चढवायची. बाकी घराला कुलूप वगैरे काही नाही, दाराला सुंभाची दोरी. सहा महिन्यांनी परत आली की आधी मडकं खाली उतरवून लिंपण तडकलंय का ते बोटानं चाचपायची आणि मगच चूल पेटवायची. कुणी विचारलं कुठं होतीस, की म्हणायची जगायला गेलेलो. गाव सोडलं असं ती कधीच म्हणाली नाही, आणि जव्हार-मोखाड्यात आजही लोक असंच म्हणतात, जगायला जातो. तुझे आजी-आजोबा जगायला गेले, बाबाही जगायलाच गेले, फक्त त्यांचा मुक्काम लांबला. मी तरी याच्याकडे असं बघते.

पण चुलतबहिणी जे म्हणतात तेही नीट ऐक. त्या तुला परकी म्हणत नसाव्यात, तू फक्त लग्नाला येतेस असं म्हणत असाव्यात, आणि हे म्हणायचा त्यांना हक्क आहे. तू लग्नाला जातेस तेव्हा मांडव असतो, फुंकून वाजवायचा तारपा असतो, मटण असतं, पाडा हसरा असतो. जुलैत जा. आवणीच्या दिवसात. चिखलात वाकून दोन तास रोपं लावलीस की कंबर काय म्हणते ते तुला कळेल, आणि त्या तुझ्या शेजारी वाकलेल्या असतील तेव्हा बोलणं आपोआप सुरू होईल, वारलीतच. चुकशील, त्या हसतील, हसू दे. समजते म्हणतेस म्हणजे भाषा तुझ्यात आहे, फक्त तोंडातून निघायला लाजतेय. आजी हयात असेल तर फोनचा रेकॉर्डर चालू करून तिच्याशेजारी बस. मोठं काही विचारू नको, पावसात कुठली भाजी आधी उगवते, कुठली नंतर, कुठली उकळून पाणी फेकून खायची, एवढं विचारलंस तरी दोन तास पुरतील. माझ्या आजीचं मी काहीच रेकॉर्ड केलं नाही, त्याचं मला रोज वाईट वाटतं.

डीपीबद्दल सांगते. चित्र ठेवलंस त्यात खोटं काही नाही, ते चित्र तुझंच आहे. फक्त ते मुळात कप आणि कुर्त्यांवर नव्हतं हे माहीत असू दे. लग्नघरात शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर गेरूचा हात फिरायचा आणि त्यावर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या, मधे पालघट देवी, आणि धवलेरीनं, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईनं, गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागायचं नाही. हे बायकांचं काम होतं. पुढं डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर, कापडावर नेलं, जगभर पोचवलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुझ्या आजीच्या लग्नात चौक कुणी लिहिला होता हे विचारून बघ. ते नाव कळलं की डीपी खोटा वाटणार नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, राग मानू नको. तू कोट्यातून शिकली असशील, तर तो तुझा हक्क होता, त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. पण तुझ्याच वयाची पाड्यावरची पोरगी चौथीत असताना आईबापाबरोबर भट्टीवर गेली आणि शाळा तिथंच सुटली, हेही खरंय. तिच्यासाठी तुझ्या हातात एक अगदी साधं काम आहे. तुझ्या आणि बाबांच्या व्हॅलिडिटीची, म्हणजे जमातीचा दाखला पडताळून मिळालेल्या वैधता प्रमाणपत्राची, अख्खी फाईल, वंशावळीसकट, झेरॉक्स करून पाड्यावर ने. बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी हा पडताळणीत फार मोठा पुरावा धरतात. तुझ्या चुलतभावंडांची वर्षं वाचतील. शहरवाली काय घेऊन आली हे त्यांना तेव्हा कळेल.

प्रश्न : सगळे भारतीय इथलेच मूळनिवासी आहेत, मग फक्त आदिवासींचा वेगळा दिवस कशाला? यानं फूट नाही का पडत?

उत्तर : सरकारची भूमिका तुमच्यासारखीच आहे, सगळे भारतीय इथले मूळचे. तरीही २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा आला तेव्हा भारतानं बाजूनंच मत दिलं. ९ ऑगस्ट का, तर १९८२ मध्ये याच दिवसाच्या आसपास तिथल्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती म्हणून.

पण खरं सांगू का, कोण आधी आलं या भांडणात मला रस नाही. माझ्यासाठी प्रश्न असा आहे की जंगल कुणाचं म्हणून लिहिलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसली तिच्यावर इंग्रजांच्या वन कायद्यानंतर आपलेच लोक अतिक्रमणवाले ठरले, सावकार-जमीनदारांकडे वेठीला लागले, आणि १९४५ ला वारल्यांनी किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं उठाव केला तेव्हा तलवाड्याला गोळ्या खाल्ल्या. ते अतिक्रमण नव्हतं, हक्क होता, हे कायद्यात लिहून यायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, त्यातही १३ डिसेंबर २००५ पर्यंतचा ताबा आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. घटना समितीत जयपालसिंह मुंडा आदिवासी या शब्दासाठी भांडले. ते ऑक्सफर्डला शिकले होते, १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये भारताच्या हॉकी टीमचे कॅप्टन होते, आणि तरी आपण कोण याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. वर्षातला एक दिवस ही नावं घेतली तर फूट पडत नाही.

प्रश्न : आम्ही वारली. वडील दादरा नगर हवेलीत खानवेलच्या बाजूचे, १९९८ ला तलासरीला आले, माझा जन्म तलासरीचा. आई इथलीच. महाराष्ट्राचा जमातीचा दाखला मिळेल का? चुलतभावाला पडताळणीत देवांची नावं विचारली, त्याला सांगता आली नाहीत, त्याचीही भीती वाटते.

उत्तर : तुमच्याकडे तर सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकच सोयरीक आहे, रेघ सरकारांनी मारली. पण दाखला रेघेप्रमाणे मिळतो. घटनेच्या कलम ३४२ प्रमाणे जमातींची यादी राज्यवार आहे आणि १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जो माणूस दुसऱ्या राज्यात जातो त्याचा दर्जा मूळ राज्यापुरता राहतो. तो खटला मुंबईच्या मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशाचाच होता. आणि जमात आईवरून नाही, सहसा वडिलांवरून बघतात. म्हणजे वडील तिकडचेच असतील तर तुमचा दाखला वडिलांच्या तिकडच्या दाखल्यावरून निघेल, केंद्राच्या नोकरीला चालेल, पण महाराष्ट्राच्या सवलतींना नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. दोन्हीकडे जमात तीच, देव तेच, आणि हवेलीत तर १९५४ पर्यंत पोर्तुगीज होते, तिथली यादीच १९६२ ची. पण आज नियम हा आहे, खोटी आशा तुम्हाला देणार नाही.

एक शक्यता मात्र तपासा. आजोबा-पणजोबा आधी डहाणू-तलासरीकडचे असून नंतर तिकडे गेले, असं खूप घरांत झालंय. तसं खरंच असेल तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची नोंद शोधा, महाराष्ट्राच्या दाखल्याला हीच तारीख बघतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, आणि कोतवाल बुकाची नक्कल मागा, जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा. नावाचं स्पेलिंग हमखास वेगळं निघतं, तेवढ्यावरून सोडून देऊ नका. आणि नसेल तर नसेल, कुणी एजंट नोंद करून देतो म्हणाला तर त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका.

चुलतभावाला सांगा की घाबरू नको. मलाही एका अधिकाऱ्यानं हिरवा देव कोण, नारनदेव कोण, वाघबारशीच्या सणाला काय करतात असं विचारलं होतं, आणि मी रडकुंडीला आले होते, कारण आमच्या दोन खोल्यांत हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर २०११ च्या आनंद खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की स्थलांतर, आधुनिकता आणि इतर समाजांशी संपर्क यामुळे जमातीच्या चालीरीती बदलतात, त्यामुळे अॅफिनिटी टेस्ट, म्हणजे देव-चालीरीती विचारून जमातीशी नातं तपासणं, ही एकमेव कसोटी होऊ शकत नाही, स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदाला जास्त वजन द्यायला हवं. २०२३ ला ठाकूर समाजाच्या प्रकरणातही कोर्टानं हेच धरलं. नकार आला असेल तर लेखी आदेशाची नक्कल आधी मागून घ्या, त्यात कारण काय लिहिलंय ते बघा, फक्त देव सांगता आले नाहीत एवढंच असेल आणि कागद धड असतील तर हायकोर्टात जाण्यासारखी केस आहे. फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आदिवासींना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.