पॅशन, कम्पॅशन आणि पोटातली कळ

प्रश्न थोडक्यात असा. नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं उपवासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) दोन दिवसांचं शिबिर आहे. विषय इंग्रजीतून ठरून आलेला: ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर अधिक 'पॅशन'ने आणि अधिक 'कम्पॅशन'ने जगणं. फलक मराठीत हवा. कुणी 'उत्कटता आणि करुणा' सुचवलं, कुणी 'आवेश आणि अनुकंपा'. प्रश्न पाठवणाऱ्या ताई म्हणतात, "नाद तर गेलाच, पण वाचून आत काही हलतही नाही. याहून बरी जोडी आहे का?"

आहे, आणि ती तुमच्या बायबलात आणि तुकोबांच्या गाथेत आधीच आहे. पण तिथे पोचण्याआधी सुचवलेले चार शब्द बाजूला करू.

'अनुकंपा' शब्द मुळात फार देखणा. एक जण थरथरला की त्याच्यामागोमाग दुसऱ्याच्याही अंगात कंप यावा, असं त्यात चित्र आहे. पण 'अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती' या सरकारी प्रयोगाने त्याचा कंप कधीच थांबवला. आज तो शब्द वाचला की डोळ्यांपुढे फाईल येते. 'उत्कटता' कवितेच्या परीक्षणात शोभते. माणूस उत्कटतेने पाणी शेंदत नाही की कुणाचं आजारपण काढत नाही. 'आवेश' बायबलात आहे खरा, मंदिरातल्या व्यापाऱ्यांना येशू हुसकावतो त्या प्रसंगी. पण बोलीत आवेश आला की पाठोपाठ भाषण येतं. राहता राहिली 'करुणा'. तिच्याबद्दल वाईट बोलण्याची माझी छाती नाही, महाराष्ट्रात ती बुद्धाच्या नावाशी जोडलेली आहे आणि ते योग्यच आहे. फक्त तिच्यात एक शांतपणा आहे, अर्धोन्मीलित डोळ्यांचा. तुमच्या विषयाला धावत सुटणारा शब्द हवा. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला बाप घरी परतणाऱ्या पोराला दुरून पाहतो आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, तसा.

आता 'पॅशन'कडे. हल्ली मराठीत हा शब्द सर्रास चालतो. "फोटोग्राफी माझं पॅशन आहे", "पॅशन फॉलो कर", एवढंच काय, दारात उभ्या असलेल्या मोटरसायकलवरही तो लिहिलेला असतो. सगळीकडे अर्थ एकच, जिवापाड आवड. पण ज्या लॅटिन क्रियापदातून तो निघाला त्या 'पाती'चा अर्थ आहे सोसणं. दवाखान्यातला 'पेशंट' त्याच घरातला. 'पॅशन' म्हणजे सोसणं, 'कम्पॅशन' म्हणजे बरोबरीने सोसणं. म्हणून तर प्रभूच्या शेवटच्या दिवसांना इंग्रजीत 'पॅशन' म्हणतात आणि मराठी चर्चमध्ये त्याला 'दुःखसहन' हा चोख शब्द रुळला आहे. तो ज्याने कुणी घडवला त्याने लॅटिनची वीण बरोबर ओळखली. (एक बारीकसा खडा: 'दुःखसहन'मधला 'सह' सोसण्याचा आणि 'सहवेदना', 'सहानुभूती' यांतला 'सह' बरोबरीचा. दिसायला जुळे, नात्याने परके.)

विषयांतर होईल, पण मोह आवरत नाही. आपल्या कुंपणावरचं कृष्णकमळ माहीत आहे ना? त्याचं इंग्रजी नाव 'पॅशन फ्लॉवर', आणि ते आवडीवरून नव्हे, याच दुःखसहनावरून पडलेलं. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांना त्या फुलात काट्यांचा मुकुट दिसला, पाच पुंकेसरांत पाच जखमा आणि वरच्या तीन टोकांत तीन खिळे. आपल्याकडे तेच फूल हातात घेऊन आजी सांगते: हे भोवतीचे शंभर कौरव, हे पाच पांडव, आणि मधोमध ब्रह्मा-विष्णू-महेश.

तर मराठीत असा शब्द हवा, ज्यात आधी वेदना आहे आणि त्या वेदनेतूनच ओढ आली आहे. मला पहिल्यांदा 'पोटतिडीक' सुचला. तिडीक म्हणजे अचानक उठणारी कळ, मस्तकात जाते ती तिडीकच. पोटात तिडीक उठावी इतकं एखाद्या गोष्टीचं वाटणं, ती पोटतिडीक. शब्द जबरदस्त आहे, पण आपण पोटतिडकीने बोलतो, मांडतो, लिहितो, फार तर भांडतो. 'पोटतिडकीने जगतो' असं कुणाच्या तोंडी ऐकलं नाही. शिवाय त्यात रागाचा एक धागा असतो. तो धागा अगदीच परका नाही म्हणा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राच्या, पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. तिथे बहुतेक हस्तलिखितांत त्याला 'कळवळा आला' असं आहे, पण एका जुन्या ग्रीक हस्तलिखितात 'तो रागावला' असं आहे! अभ्यासक अजून त्यावर वाद घालतात. फलकावर मात्र हा वाद नको.

माझं मत 'तळमळ' या शब्दाला.

तळमळ म्हणजे मुळात अंथरुणावर या कुशीवरून त्या कुशीवर होणं. ताप चढलेलं पोर तळमळतं. तुकोबांनी तर एका ओळीत तो शब्द कायमचा बसवून ठेवला: "जीवनावेगळी मासोळी । तैसा तुका तळमळी". जीवन म्हणजे पाणी. पाण्याबाहेर काढलेल्या मासळीला पाण्याचं 'पॅशन' असतं असं म्हणून बघा, मग दोन शब्दांतलं अंतर कळेल. दुखण्यातून हा शब्द ओढीकडे गेला आणि तिथून कामाकडे: "त्यांना शाळेची फार तळमळ होती", "तळमळीचा कार्यकर्ता". 'पॅशन'ने लॅटिनपासून आजपर्यंत जो प्रवास केला तोच तळमळीने मराठीतल्या मराठीत केला. फरक इतकाच की तळमळ आपलं मूळ दुखणं विसरली नाही, 'पॅशन' विसरलं.

आणि 'कम्पॅशन'साठी 'कळवळा'. हा तर तुम्ही लहानपणापासून वाचत आला आहात. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा लोकसमुदाय पाहून येशूला त्यांचा कळवळा आला. येशूच्या गोष्टीत वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहून शोमरोनी, म्हणजे परक्या जमातीतल्या, माणसाला त्याचा कळवळा आला. उधळ्या मुलाच्या बापालाही आला. या ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते 'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी या शब्दापासून केलेलं आहे. नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, ते अवघं 12 वेळा येतं, मत्तयाच्या शुभवर्तमानात 5, मार्कमध्ये 4, लूकमध्ये 3, आणि दुसरीकडे कुठेही नाही. येशूबद्दल किंवा त्याने सांगितलेल्या गोष्टींतल्या माणसांबद्दलच ते वापरलेलं आहे. अर्थ शब्दशः घ्यायचा तर 'आतडं पिळवटलं'. मराठी माणसाला याचं भाषांतर करून सांगावं लागत नाही. आपल्याकडे पोटात कालवतं, आतडं तुटतं, जवळच्या नातेवाइकाला 'आतड्याचं माणूस' म्हणतात. उलट इंग्रजांची पंचाईत झाली. त्यांच्या जुन्या बायबलातली 'आतडी' पुढच्या वाचकांना अवघड वाटू लागली आणि नव्या आवृत्त्यांत त्यांच्या जागी हृदय आलं.

कळवळ्याचं 'कळ'शी नातं कानालाच कळतं. भुकेने पोर कळवळतं ते स्वतःच्या कळेने, आणि त्याला बघून आई कळवळते ती त्याच्या कळेने. क्रियापद एकच. सोसणं आणि बरोबरीने सोसणं यांत मराठीने उपसर्गाची भिंतसुद्धा ठेवलेली नाही. तुकोबांची ओळ आहेच: "ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती". ही आईच्या मायेबद्दलची ओळ, आणि त्याच अभंगात पुढे "पोटीं भार वाहे" असं येतं. हिब्रूत, म्हणजे बायबलाच्या जुन्या कराराच्या भाषेत, कळवळ्यासाठी जो शब्द आहे, 'राखामीम', तो 'रेखेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाच्या घरातला. देहूच्या माणसाला हिब्रू कुठून येणार! पण पोट सगळ्यांनाच असतं.

व्याकरणातली एक गंमतही बघा. दया करता येते, करुणा भाकता येते, कीव करता येते. कळवळा करता येत नाही, तो येतो. "मला त्याचा कळवळा आला", जशी भूक लागते, झोप येते, तसा. 'दया' या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. "मला तुझी दया येते" हे तर सरळ अपमान करायलाच म्हणतात. कळवळ्यात हे वर-खाली नाही, कारण दुखणं ज्याला येतं तो वर कुठला?

शिबिरात उदाहरण द्यायचं असेल तर लांब जाऊ नका, पुणे जिल्ह्यात दौंडजवळच्या केडगावला जा. पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि थोरली बहीण 1870च्या दशकातल्या दुष्काळात गेले. त्या उपाशी भटकंतीतून रमाबाई आणि त्यांचा भाऊ तेवढे वाचले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातून केडगावचा मुक्ती मिशन हा आश्रम उभा राहिला. स्वतः भुकेने कळवळलेल्या बाईला दुसऱ्यांच्या भुकेचा कळवळा आला. वर जे क्रियापदाबद्दल लिहिलं ते याहून नीट मला सांगता येणार नाही. आणि तळमळ बघायची तर याच बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक हाताशी घेऊन सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, जड संस्कृत शब्द टाळून. छपाईच्या कामात आश्रमातल्याच मुली. 1922 साली त्या गेल्या. पूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला.

कुणी म्हणेल, चर्चच्या फलकावर तुकोबांचे शब्द कसे? त्याला ना. वा. टिळकांचं नाव सांगा. 1895 साली ख्रिस्ती झालेला हा कवी, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत असे.

एक खोट सांगायला हवी. वर्तमानपत्रांनी कळवळ्याचं पार वाटोळं केलं आहे. "निवडणूक आली आणि यांना शेतकऱ्यांचा कळवळा आला" हे वाक्य इतक्यांदा छापलं गेलंय की काहींना हा शब्द उपरोधानेच ऐकू येतो. पण नीट पाहिलं तर तो टोमणा शब्दावर नाहीच, नसलेला कळवळा दाखवण्यावर आहे. खोटी नाणी खऱ्या चलनाचीच पाडतात. शिवाय शेजारी तळमळ उभी केली की उपरोध गळून पडतो.

तेव्हा फलकावर लिहा: "तळमळीने जगू, कळवळ्याने वागू". तुम्हाला गेलेला वाटत होता तो नादही मिळाला, मुळातल्या जोडीपेक्षा कांकणभर जास्तच. लिहिणाऱ्याला बजावून ठेवा की तळमळ स्त्रीलिंगी, म्हणून 'तळमळीने'. कळवळा पुल्लिंगी, म्हणून 'कळवळ्याने'. यमकाच्या नादात 'कळवळीने' करू नका. आणि शिबिराच्या पत्रिकेत 'पॅशन वीक' आला असेल तर तिथे तळमळ घालू नका हं, तिथे 'दुःखसहनाचा आठवडा'च.