‘दिवाणी गुन्हा’ म्हणजे कोरडी आंघोळ

प्रश्न असा आला आहे: ‘भाडेकरूवर दिवाणी गुन्हा दाखल’ अशी बातमी वाचली. दिवाणी म्हणजे किरकोळ गुन्हा का? बसायच्या दिवाणाशी या शब्दाचे काही नाते आहे का? आणि ‘दि’ ऱ्हस्व की दीर्घ?

दिवाणी गुन्हा नावाची वस्तू कायद्यात नाही. गुन्हा म्हटला की प्रकरण फौजदारी. दिवाणीत असतो दावा. तो लावणारा वादी, समोरचा प्रतिवादी, शेवटी होतो तो हुकूमनामा, आणि हुकूमनामा हातात पडूनही समोरचा हलत नसेल तर वसुलीसाठी किंवा ताब्यासाठी पुन्हा दरखास्त. फौजदारीत फिर्यादी, आरोपी, खटला, मग शिक्षा नाहीतर निर्दोष सुटका. तरीही ‘दाव्यातील आरोपी’ आणि ‘प्रतिवादीला जामीन’ रोज छापून येतात. जामीन अटकेतून सुटायला लागतो. वाटपाच्या दाव्यात कोण कोणाला अटक करतो?

‘किरकोळ’ हा अर्थ बहुधा पोलीस ठाण्यातून बाहेर पडला असावा. बदनामीची तक्रार घेऊन माणूस ठाण्यात जातो, अंमलदार ‘एनसी’ लिहून प्रत हातात ठेवतो आणि ‘आता कोर्टात जा’ म्हणतो. माणसाची समजूत होते की प्रकरण दिवाणी ठरले. ते ठरले आहे अदखलपात्र, इंग्रजीत ‘नॉन-कॉग्निझेबल’, तीच ‘एनसी’. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटावाचून अटकही करता येत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 155 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 मध्ये आहे. अदखलपात्र असला तरी तो गुन्हाच.

याचे जुळे भावंड म्हणजे ‘न्यायालयाने गुन्हा दाखल केला’. न्यायालय गुन्हा दाखल करत नाही, पोलीस करतात. फार तर न्यायालय त्यांना तसा आदेश देते. तपास झाल्यावर दोषारोपपत्र ठेवतात तेही पोलीसच. ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायालय जे करते ती आरोपनिश्चिती. दोषारोपपत्र आणि आरोपनिश्चिती यांत कित्येकदा वर्षे जातात, मथळ्यात मात्र दोन्ही एकच.

घोटाळा व्हायला जागा आहे, हे कबूल. न वटलेल्या धनादेशाचे पाहा. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस पोचल्यावर 15 दिवस वाट पाहायची, तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करायची. हे परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम 138, आणि ते फौजदारी. त्याच पैशासाठी वसुलीचा दावा वेगळा लावता येतो, तो दिवाणी. त्याला मुदत सर्वसाधारणपणे 3 वर्षांची. तालुक्याच्या ठिकाणी दोन्ही प्रकरणे अनेकदा एकाच खोलीत, एकाच न्यायाधीशासमोर चालतात. दारावरची पाटी वाचा: ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’. माणूस एक, खुर्ची एक, नावे दोन. जिल्ह्यालाही तेच: ‘जिल्हा व सत्र न्यायालय’ यातला ‘जिल्हा’ दिवाणीचा आणि ‘सत्र’ फौजदारीचा. (‘सेशन’ला ‘सत्र’ सुचवणाऱ्याला शंभर गुण. ‘सत्त्र’ हा शब्द सद् म्हणजे बसणे या धातूचा, आणि ‘सेशन’च्या मुळाशी असलेला लॅटिन धातूही बसण्याचाच, सद्‌चा सख्खा नातलग.)

आता दिवाण. संस्कृतचे काही अभिमानी दिव् धातू पुढे करतात: धातुपाठात दिव्‌च्या अर्थांत ‘व्यवहार’ आहे, धर्मशास्त्रात व्यवहार म्हणजे न्यायालयीन वाद, म्हणून दिवाणी! सुंदर, पण खोटे. मनूच्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे वादाच्या विषयांत, ऋणादानाच्या (कर्जवसुलीच्या) पंगतीलाच चोरी आणि मारहाणही बसली आहे. त्या ‘व्यवहारा’तून फक्त मालमत्तेची भांडणे कोणत्या चाळणीने वेगळी काढली? शिवाय हा शब्द आपल्याकडे फारसीबरोबर आला, त्याचा माग कागदोपत्री आहे.

दुसरी कथा मोठ्या माणसांची म्हणून जास्त पसरली. अकराव्या शतकातला न्यायपंडित अल् मावर्दी आणि चौदाव्या शतकातला इब्न खल्दून दोघेही ती सांगतात: इराणच्या बादशहाने आपले कारकून तोंडातल्या तोंडात हिशेब पुटपुटताना पाहिले आणि म्हणाला, ‘दिवाने!’ म्हणजे वेडे. त्यावरून कचेरीचे नाव दिवाण. इब्न खल्दून इतिहासाचा केवढाही मोठा मीमांसक असो, व्युत्पत्तीत त्याने इथे चुटका सांगितला आहे आणि तो चुटक्याइतकाच घ्यावा.

खरे मूळ चुटक्याहून रंगतदार आहे. प्राचीन फारसीत ‘दिपि’ म्हणजे कोरलेला लेख; इराणी सम्राट दारयवहूच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात हा शब्द आहे. तो इराण्यांनी शेजारच्या एलामींकडून घेतला, आणि त्याचा माग सुमेरी ‘दुब्’पर्यंत, म्हणजे मातीच्या लेखपाटीपर्यंत जातो. दिपि जिथे ठेवायच्या ती जागा दिवाण, असे इराणी भाषांचे अभ्यासक मानतात. पुढे नोंदवही, मग कचेरी, मग दरबार, दरबारातली बैठक आणि सरतेशेवटी गादी घातलेले बाकडे. युरोपात तोच शब्द जकातनाक्यावर जाऊन बसला: फ्रेंच ‘दुआन’, इटालियन ‘दोगाना’.

आणि आपल्याकडे? अशोकाचे लेख गिरनारला ‘धंमलिपी’ म्हणतात, वायव्येच्या शाहबाजगढीला ‘ध्रमदिपि’. म्हणजे आपली लिपी आणि त्यांची दिपि एकाच पाटीवरच्या. संस्कृत पंडित लिपीला लिप्, म्हणजे लिंपणे, या धातूत बसवतात. शाहबाजगढीचा ‘द’ कुठून आला हे तेवढे सांगत नाहीत. याच दिपिचा तिसरा नातू डबीर: फारसी ‘दबीर’ म्हणजे लेखनिक, संस्कृतात त्याचाच ‘दिविर’ झाला. शिवकाळात ज्या डबिराला अष्टप्रधानांत सुमंत हे नाव मिळाले, तो हाच. तेव्हा डबीर आडनावाचे गृहस्थ दिवाणखान्यात बसून लिपीबद्दल बोलत असतील, तर ते घरच्याच मंडळींत बसले आहेत.

न्यायाशी दिवाणाची गाठ मोगली कारभारात पक्की झाली. दिवाणाकडे महसूल, म्हणून जमीन, वारसा, कर्ज ही भांडणेही त्याच्याच दारात. फौजदाराकडे बंदोबस्त, म्हणून चोरी-मारामारी तिकडे. 1765 मध्ये मोगल बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली ती वसुलीच्या हक्कासकट. 1772 मध्ये कंपनीचा गव्हर्नर हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यात दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशा दोन वेगळ्या चुली मांडल्या. आपल्याकडे त्याआधी मराठी महजरांत, म्हणजे वादाच्या निवाडपत्रांत, ‘गोत’ आणि ‘दिवाण’ शेजारी बसलेले दिसतात. गोत म्हणजे भाऊबंद आणि वतनदार, दिवाण म्हणजे सरकारी अंमलदार. आज गंमत उलटी आहे. दिवाणी न्यायालयात कित्येकदा सरकारच प्रतिवादी असते, आणि त्याच्यावर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. अशा दाव्यात सरकारची बाजू मांडणारा जिल्हा सरकारी वकील विधि व न्याय विभागाने नेमलेला असतो. दंडाधिकाऱ्यासमोर खटला चालवणारा सहायक सरकारी अभियोक्ता मात्र अभियोग संचालनालयाचा, म्हणजे गृह विभागाकडचा. बातमीत दोघेही ‘सरकारी वकील’.

हिंदीने कायद्यांच्या नावांत ‘सिविल’ आणि ‘दंड’ घेतले. मराठीने ‘दिवाणी’ आणि ‘फौजदारी’ राखले. नव्या संहितेच्या नावातून फौजदारी गेली, पण पोलीस उपनिरीक्षकाला लोक अजून फौजदारच म्हणतात.

हो, बातमीतला भाडेकरू. घरमालकाला जागा रिकामी करून हवी असेल तर तो दावा लावेल, आणि बातमी ‘भाडेकरूविरुद्ध दावा दाखल’ अशी हवी. भाडेकरूने दमदाटी केली असेल तर गुन्हा, नुसता गुन्हा. आणि ‘दि’ ऱ्हस्व. दीर्घ ‘दीवानी’ हिंदीतली, तिथे तिचा अर्थ वेडी असाही होतो. तो इब्न खल्दूनला आवडला असता.