लेकीला जुन्या हाडांचा अभ्यास करायचाय, पाठवावं का?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मुलगी नाशिकला बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्यापासून हुशार. एमएस्सी करेल, मग बीएड, कुठंतरी शाळा-कॉलेजात लागेल, असं घरात ठरलं होतं. आता म्हणते पुण्याला जाऊन पुरातत्त्व शिकायचं, आणि त्यातही उत्खननात निघालेल्या जनावरांच्या, माशांच्या हाडांचा अभ्यास करायचा. आमचं घर माळकरी. तिची आजी तर हे ऐकून गप्पच झाली. मला काळजी पोटापाण्याची आहे. हाडं बघून कुणाला काय कळतं, आणि त्याचा पगार कोण देतं? तुम्ही तिला समजवाल का?"

सप्रेम नमस्कार.

तिच्याशी मी जरूर बोलेन, पण आधी तुमच्याशी बोलते. हाडं बघून काय कळतं, याचं अर्धं उत्तर तुमच्याचकडे आहे. घोटीच्या बाजारात बैल घ्यायला गेलात की तुम्ही आधी त्याचं तोंड उघडता. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे दात बघून ठरतं आणि मग भाव बोलला जातो. तुमची मुलगी जे शिकू पाहतेय ते ह्याच जाणकारीचं शास्त्र आहे. उत्खननात पुढचे दात बहुतेक वेळा जबड्यातून गळालेले असतात, म्हणून दाढा बघतात: कुठली उगवलीय, कुठली किती झिजलीय. लहान जनावराच्या पायाच्या लांब हाडांची टोकं सुटी असतात आणि वय वाढलं की ठराविक क्रमाने सांधतात, तेही बघतात.

एका जबड्यावरून फार काही ठरत नाही. एकाच गावच्या शेकडो जबड्यांची वयं शेजारी शेजारी मांडली, की तिथले लोक जनावरं कशासाठी पाळत होते ते दिसायला लागतं. नर कोवळ्या वयातच कापले गेलेत आणि माद्या म्हाताऱ्या होईतो राखल्यात, तर दुधाकडे लक्ष होतं. बैल पुरते वयस्क होऊन मेलेत, खुरांजवळच्या हाडांची टोकं रुंदावलीत, सांध्यांच्या कडेला हाड वाढून खरबरीत झालंय, तर त्या जनावराने जन्मभर ओझं ओढलंय. औत लाकडाचं असतं, ते कुजून जातं. औत ओढल्याची खूण बैलाच्या पायात उरते.

हे काम दूर कुठं नाही, आपल्या गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातच झालेलं आहे. जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर 1950-51 मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, त्याच सुमारास संगमनेरजवळ जोर्वेला केलं, आणि त्या लहानशा गावाचं नाव दख्खनच्या आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला मिळालं. पुढे नेवासा, दायमाबाद, आणि शेजारच्या भीमेच्या खोऱ्यात घोड नदीकाठचं इनामगाव. इनामगावचं काम 1968 ते 1983 असं चाललं. सुमारे इ.स.पू. 1600 ते 700 एवढ्या काळात तिथं माणसं राहत होती. जव पिकवत होती, गाईबैल पाळत होती, हरणांची शिकारही करत होती. इ.स.पू. 1000 च्या पुढे पाऊसमान घटलं, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शेतीपेक्षा मेंढ्या-शेळ्यांवर आणि शिकारीवर जास्त विसंबू लागले, अशी मांडणी डॉ. म. के. ढवळीकरांनी केली. त्यावर वाद झाले आणि अजून होतात. तो वाद सोडवायचा तर हाडं पुन्हा मोजावी लागतात, नव्या पद्धतीने तपासावी लागतात. पाऊस हटला की शेतकरी आधी काय सोडतो आणि काय धरून ठेवतो, हा प्रश्न तुम्हाला तरी जुना वाटणार नाही.

माशांचं काम याहून नाजूक. माशाची हाडं बारीक, हाताने वेचली तर मोठी तेवढी मिळतात आणि उरलेली मातीबरोबर फेकली जातात. म्हणून माती बारीक जाळीच्या चाळणीतून पाण्याखाली चाळतात. मग काटे, मणके आणि माशाच्या कानातला खडा हाती येतो. त्या खड्यावर वाढीची वलयं असतात, त्यावरून वय काढतात, आणि कधी कधी मासा कुठल्या हंगामात धरला तेही सांगता येतं. हडप्पा समुद्रापासून कितीतरी शे किलोमीटर आत आहे. तरी तिथं समुद्रातल्या शिंगाळ्याच्या जातीच्या माशांची हाडं सापडली. ताजा मासा तेवढा प्रवास करू शकत नाही. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी सुकवलेल्या माशांचा व्यापार होता. मूठभर काट्यांवरून एवढं कळतं, म्हणून मला ह्या विषयाबद्दल मनापासून आदर आहे.

आता आजींबद्दल. त्यांचं गप्प होणं मी हलक्यात घेणार नाही. त्यांना एवढं सांगा, की ह्या अभ्यासासाठी कुणी जीव मारत नाही. जनावर तीन हजार वर्षांपूर्वीच गेलेलं असतं. पण तुमच्यापासून काही लपवणार नाही: जुनं हाड ओळखायला शेजारी ओळखीचं हाड ठेवावं लागतं. त्यासाठी प्रयोगशाळेत आपोआप मेलेल्या किंवा खाटकाकडून आणलेल्या जनावरांचे सांगाडे साफ करून ठेवतात. त्याला वास येतो, हात बरबटतात. हे तिने प्रवेश घेण्याआधी करून बघायला हवं, आणि घरी नाही, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. मेंढी आणि शेळीची हाडं वेगळी ओळखता येतात का, तेवढ्याने सुरुवात करावी. मुरलेल्या अभ्यासकालाही ती प्रत्येक वेळी सांगता येत नाहीत. आणि हौसेपोटी रानात सापडलेलं हाड, पीस, शिंग उचलून आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि तो विद्यार्थ्यांनाही लागू आहे.

पगाराचं सरळ सांगते. ह्या विषयाच्या कायम जागा आपल्या देशात फार थोड्या आहेत. पुण्याचं डेक्कन कॉलेज, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, केरळ विद्यापीठ, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, लखनौची बिरबल साहनी संस्था, अशी नावं बोटांवर मोजता येतात. नुसतं एमए करून नुसत्या हाडांवर पोट भरत नाही. पीएचडी लागते. म्हणजे वयाची 28 वर्षं तरी धरून चाला. त्या काळात नेट ह्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात, 2023 पासूनचा हा दर आहे, आणि त्यात मुलगी स्वतःचं भागवू शकते. जेआरएफ नाही मिळाली तर ती वर्षं ओढाताणीची जातात. परदेशात शिष्यवृत्तीसह पीएचडीचे दरवाजे उघडे आहेत, कारण तिथं ह्या विषयाच्या प्रयोगशाळा जास्त आहेत आणि दक्षिण आशियातली हाडं हाताळलेले विद्यार्थी कमी.

तरीही मी तिला थांबवणार नाही. कारण तिची झूलॉजीची पदवी कुठं जात नाही. दोन वर्षांचं एमए झालं आणि पुढे जायचं नाही असं ठरलं, तरी बीएस्सीच्या जोरावर बीएड करता येतं, महाराष्ट्र वनसेवेची परीक्षा देता येते, स्पर्धा परीक्षा तर आहेतच. हाडं ओळखण्याचा हात बसला असेल तर वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासातही तो चालतो. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत जप्त केलेली हाडं, दात, शिंगं कुठल्या प्राण्याची हे तपासून देणारी प्रयोगशाळा आहे. तुम्ही एमएस्सी-बीएडचा जो रस्ता धरलाय, त्याच्या शेवटी तरी जागा कुठं वाट बघतायत? शिक्षक भरतीची अवस्था तुम्ही रोज पेपरात वाचता.

एमएस्सी झूलॉजी करून मग इकडे वळावं की थेट एमए पुरातत्त्व करावं, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. माझं मत थेट एमएचं. शरीररचना पुस्तकातून आणि सांगाड्यावरून पुढेही शिकता येते, पण हाड कुठल्या थरातून आलं, त्या थरात आणखी काय होतं, खड्डा नंतर कुणी खणला होता का, ही नजर उत्खननाच्या खड्ड्यात बसूनच येते. थर चुकला तर हाडाची सगळी ओळख वाया जाते. शिवाय पुरातत्त्वात नेट द्यायची तर पदव्युत्तर पदवी त्या विषयाची असलेली बरी. त्याबरोबर तिने आकडेशास्त्र आणि रसायनशास्त्र सोडू नये. आता हाडातल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनावरून प्राण्याची जात ओळखतात, कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, जनावर बाजरीचं सरमाड खात होतं की गव्हाचं भूस, हे काढतात. ज्याला हे येतं त्याला पुढे काम मिळतं.

माझी एक अट मात्र तुम्ही दोघांनी मान्य करावी. एमएच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला तिने एक उत्खनन पूर्ण हंगाम केलेलं असावं, एका गठ्ठ्यातली हाडं स्वतः धुऊन, क्रमांक घालून, ओळखून नोंदवलेली असावीत आणि नेटचा एक प्रयत्न झालेला असावा. तोवर तुम्ही लग्नाचा, नोकरीचा विषय काढू नका. त्यानंतर तिला हे काम नको वाटलं, तर तिने लाज न बाळगता परत फिरावं आणि तुम्ही "आम्ही सांगत होतो" म्हणू नये.

फॉर्म भरण्याआधी दोघं मिळून पुण्याला जाऊन या. आधी फोन करून वेळ घ्या, येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय बघा आणि विभागात चार गोष्टी विचारा: सध्या प्राण्यांच्या हाडांवर मार्गदर्शन कोण करतं आणि त्यांच्याकडे पीएचडीच्या जागा आहेत का, यंदा उत्खनन कुठं आहे, वसतिगृहात मुलींना जागा मिळते का, आणि मागच्या काही वर्षांतले विद्यार्थी आज कुठं काम करतात. शेवटच्या प्रश्नाला आडपडदा न ठेवता उत्तर मिळालं तर निर्धास्तपणे फॉर्म भरा. उत्तर टाळलं तर मला पुन्हा लिहा, बडोद्याचा पर्याय आपण नीट बघू.