सनफिल्म काढल्यावर मागच्या काचेच्या चार रेघा बंद: काच बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागच्या काचेची जुनी सनफिल्म ओढून काढली, त्यानंतर डीफॉगर (काचेवरच्या बारीक रेघा तापवून धुकं घालवणारी सोय) लावल्यावर खालच्या चार रेघांपाशी धुकं तसंच राहतं, वरचा भाग मात्र साफ होतो. शिवाय डाव्या कडेचा वायरचा टॅब, म्हणजे वायर जिथे काचेला जोडतात ती धातूची पट्टी, हाताला हलतो. गॅरेजवाले म्हणतात, अख्खी काचच बदला.

काच बदलू नका. निदान आज तरी नको. वरचा भाग साफ होतोय यातच अर्धं उत्तर आहे. फ्यूज, रिले, बटण, अर्थिंग यांपैकी काहीही गेलं असतं तर एकही रेघ तापली नसती. या सगळ्या रेघा दोन्ही कडांच्या जाड पट्ट्यांना समांतर जोडलेल्या असतात, त्यामुळे एक तुटली तर तेवढीच बंद पडते, शेजारणीला काही होत नाही. म्हणजे तुमच्याकडे करंट काचेपर्यंत येतोय आणि त्या चार रेघांमध्ये कुठेतरी खंड पडलाय.

फिल्म काढताना हे का होतं तेही सांगतो. या रेघा म्हणजे तारा नव्हेत. चांदीची पेस्ट काचेच्या आतल्या बाजूला छापतात आणि काच टेम्पर (उष्णता देऊन कणखर) करण्यासाठी ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात, तेव्हा ती काचेवर भाजली जाते. पकड चांगली असते, पण थर अगदी पातळ. वर्षानुवर्षं चिकटलेल्या फिल्मचा गोंद कोरडाच ओढला की तो थर सोबत घेऊन येतो. ब्लेडने खरवडलं तर विचारायलाच नको. फिल्म काढायची तर काचेला भरपूर वाफ देऊन किंवा साबणाच्या पाण्याने गोंद पूर्ण मऊ करून, रेघांच्या दिशेने, सावकाश. उरलेला चिकटपणा कापडाने पुसायचा, धातूच्या पात्याने नाही.

आता खंड शोधायचा. काच धुरकट झालेली असेल तेव्हा डीफॉगर लावा आणि कुठल्या रेघेभोवती पट्टा साफ होत नाही ते पाहून बाहेरून मार्करने खूण करा. तुटलेली रेघ सहसा संपूर्ण लांबीभर थंड असते, त्यामुळे यातून कुठली रेघ ते कळतं, नेमकी जागा कळत नाही. जागेसाठी मल्टिमीटर लागेल.

इथे बहुतेकांची एक चूक होते. मीटर ओहमवर ठेवून दोन टोकांमध्ये मोजतात, आकडा बरा दिसतो आणि रेघ चांगली आहे असं समजतात. समजा १२ रेघा मिळून १५ अँपिअर घेतात. म्हणजे एका रेघेतून सव्वा अँपिअर, तिचा रोध साधारण १० ओहम, आणि बाराही समांतर असल्याने कडेपासून कडेपर्यंत जेमतेम ०.८ ओहम. एक रेघ तुटली तरी बाकीच्या अकरा मीटरला वाट देतात, आकड्यात फरक जाणवतही नाही. म्हणून व्होल्टेज मोजायचं.

गाडी मोकळ्या हवेत उभी करून इंजिन सुरू करा (बंद जागेत अजिबात नको, धुराचा धोका असतो) आणि डीफॉगर लावा. काही मिनिटांनी तो आपोआप बंद होतो, तेव्हा मध्येमध्ये बटणाकडे लक्ष असू द्या. मीटरच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा लहानसा तुकडा गुंडाळा, नाहीतर अणकुचीदार टोकाने तुम्हीच नवा ओरखडा पाडाल. काळी पिन अर्थच्या कडेच्या जाड पट्टीवर धरा, लाल पिन दुसऱ्या कडेच्या पट्टीवर. १२ ते १४ व्होल्ट दिसायला हवेत. मग लाल पिन एखाद्या चांगल्या रेघेवरून हळूहळू काळ्या पिनेकडे न्या. आकडा उतरणीवरून उतरावा तसा कमी होत जातो, बरोब्बर मधोमध निम्मा, शेवटी शून्य. हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या, म्हणजे बिघडलेली रेघ लगेच ओळखू येते. तिच्यावर १३, १३, १३ असंच चालू राहतं आणि एका ठिकाणी केसभर पुढे सरकलात की एकदम शून्य. तिथेच खंड आहे. बाहेरून टॉर्च मारून आतून पाहिलंत तर रेघेत नखाच्या टोकाएवढी उजेडाची फट दिसेल. फिल्ममुळे तुटलेल्या रेघांत मला ही फट बऱ्याचदा कडेच्या काळ्या पट्ट्याला लागूनच सापडली आहे, कारण फिल्म तिथून उचलायला सुरुवात करतात. पहिल्यांदा तिथे बघा. आणि एक रेघ दोन ठिकाणीही तुटलेली असू शकते, तेव्हा पहिली फट जोडून झाली की पुन्हा मोजा.

फट बुजवायला डीफॉगरसाठीच मिळणारा चांदीयुक्त वाहक रंग घ्या. बाटली भरपूर हलवा, चांदी तळाशी बसलेली असते. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गोंदाचा अंशही राहता कामा नये. रेघेच्या वर आणि खाली मास्किंग टेप लावा, मध्ये रेघेच्या रुंदीएवढीच वाट सोडा. रंग फटीच्या दोन्ही बाजूंना चांगल्या रेघेवर थोडा चढला पाहिजे. पहिला थर सुकू द्या, मग दुसरा, मग तिसरा. घाई इथेच नडते: थर पातळ राहिला तर त्या बिंदूवर रोध वाढतो, तेवढीच जागा जास्त तापते आणि जोड पुन्हा जळतो. रंग किंचित ओला असतानाच टेप उचला, पूर्ण वाळल्यावर ओढलात तर कडेचा रंग टेपसोबत येईल. नंतर पाकिटावर लिहिलेला वेळ, साधारण एक दिवस, डीफॉगर लावू नका.

फट दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत असेल तर हा जोड छान टिकतो. चारपाच बोटं लांबीचा थरच उडाला असेल तर रंगाने भरता येतो, पण ती रेघ मूळच्यासारखी तापेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता तो टॅब, याला मी रेघांपेक्षा जास्त महत्त्व देईन. रेघेतून सव्वा अँपिअर जातो, टॅबमधून सगळ्या रेघांचा मिळून १५ किंवा त्याहून जास्त. सैल टॅब गरम होतो, ठिणगी पडते, खालची चांदी जळते, आणि ती पट्टीच गेली की मग खरोखर काच बदलावी लागते. तो निघेपर्यंत वाट पाहू नका, आणि साध्या झटपट गोंदाने तर मुळीच चिकटवू नका, तो गोंद वीज वाहून नेत नाही. रेघांसाठी सांगितलेला चांदीचा रंगही इथे पुरत नाही, त्याला ताकद नाही. टॅबसाठी दोन भाग मिसळून वापरायचा चांदीयुक्त वाहक इपॉक्सी येतो. जुनं सोल्डर हलक्या हाताने सपाट करा, अल्कोहोलने पुसा, इपॉक्सी लावून टॅब टेपने दाबून ठेवा आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत वायर जोडू नका. सोल्डरिंग जास्त पक्कं, पण वितळलेलं साधं सोल्डर काचेवरची चांदी स्वतःत विरघळवून घेतं, म्हणून चांदी मिसळलेलं सोल्डर लागतं. शिवाय एकाच जागी उष्णता दिल्याने टेम्पर्ड काच फुटण्याचा धोका असतो, आजूबाजूची काच हेअर ड्रायरने आधी कोमट करून घ्यावी लागते. हात बसलेला नसेल तर इपॉक्सीच बरा.

तुमच्याबाबतीत लागू नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची सगळीच काच थंड असेल तर फ्यूज आणि रिलेनंतर लगेच डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवून आतल्या वायरी पाहा. झाकण उघडझाप करून त्या आतल्या आत तुटतात, वरून वेष्टण शाबूत दिसतं. मी एकदा दोन दिवस काचेवर शोधाशोध केली आणि दोष त्या नळीत निघाला.

काच बदलायची कधी? फुटली तर प्रश्नच नाही, समोरच्या काचेसारखी ती रेझिनने बुजवता येत नाही, एका घावात तिचे बारीक दाणे होतात. किंवा कडेची जाड पट्टीच सोलून निघाली असेल, किंवा बहुतेक रेघा लांबच लांब खरवडल्या गेल्या असतील. तेव्हा नवी काच मागवताना आधी जुनीवरचे टॅब मोजा. अनेक गाड्यांत रेडिओचा अँटेना याच काचेवर असतो, काहींत वायपरचं भोक असतं, आणि टेम्पर्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही. बसवणाऱ्याला सांगा, की काच चिकटवण्याआधी वायर जोडून एकदा रेघा तपासून दाखवा. चिकटवल्यावर दोष निघाला तर युरेथेन (काच चिकटवायचा गोंद) कापून पुन्हा सगळं करावं लागतं. पत्र्यावर कापताना ओरखडा पडला तर त्यावर प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर गंज काचेखालूनच सुरू होतो. आणि युरेथेन घट्ट व्हायला जेवढा वेळ सांगतील तेवढा गाडी हलवू नका.

तुम्ही आधी त्या चार रेघा मोजा, फट कुठे सापडली ते इथे लिहा, जमलं तर टॅबचा जवळून काढलेला फोटो टाका. टॅबखालची पट्टी अजून चंदेरी आहे की काळी पडली आहे, ते पाहून पुढचं सांगतो.